छातीतली कळ आणि अडकलेला घास

मार्च २०२२ मधल्या एका रात्री सव्वातीनच्या सुमारास छातीच्या मधोमध उठलेल्या कळेने मला जाग आली. छातीच्या हाडामागे ओला पंचा धरून कोणी तो दोन्ही बाजूंनी पिळत आहे, अशी ती कळ होती. ती वर जबड्यापर्यंत आणि मागे पाठीत, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये जात होती आणि अंगाला दरदरून घाम सुटला होता. माझे वय तेव्हा ४९ होते. माझ्या वडिलांना अठ्ठावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, त्या रात्री ते ‘गॅस असेल’ म्हणत उजाडायची वाट पाहत बसले होते. त्यानंतर आमच्या घरात छातीच्या दुखण्यावर ओवा-सोड्याचे प्रयोग होत नाहीत. मी यजमानांना उठवले आणि वीस मिनिटांत आम्ही कराडमधल्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोहोचलो.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, ट्रोपोनिनसाठी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनासाठी, रक्त घेतले आणि जिभेखाली हृदयाच्या कळेवरची सोर्बिट्रेटची गोळी ठेवायला दिली. सात-आठ मिनिटांत कळ ओसरली. तीन तासांनी पुन्हा रक्त तपासले; दोन्ही वेळा ट्रोपोनिन वाढलेले नव्हते, ईसीजीही नॉर्मल होता. तरी वडिलांचा इतिहास, माझा थोडा वाढलेला रक्तदाब आणि गोळीने पडलेला उतार या तिन्ही गोष्टी लक्षात घेऊन त्यांनी दुसऱ्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी केली. “रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ आहेत, काकू. हृदयाला काही झालेलं नाही,” हे शब्द ऐकल्यावर मला रडू आले. त्या रात्री जे केले ते योग्यच होते, असे मी आजही म्हणते. अशी कळ आली की पहिली शंका हृदयाचीच घ्यायला हवी आणि ती शंका तपासण्यांनीच फिटायला हवी.

माझी तक्रार त्यानंतरच्या दोन वर्षांविषयी आहे. घरी जाताना मिळालेल्या कार्डावर निदानाच्या जागी ‘नॉन-कार्डिॲक चेस्ट पेन’, म्हणजे हृदयाशी संबंध नसलेले छातीचे दुखणे, असे लिहिले होते आणि खाली आम्लपित्ताची गोळी आठ आठवड्यांसाठी दिली होती. दुखणे कशाचे नाही ते त्या ओळीतून कळत होते. ते कशाचे आहे, हे मात्र त्या कार्डावर कुठेच नव्हते, आणि सुटकेच्या आनंदात मला किंवा घरात कोणाला ते विचारायचे सुचले नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते, जी मी त्या रात्री डॉक्टरांना सांगितलीच नाही. त्याआधीच्या दिवाळीपासून माझा घास अडकत होता. ज्वारीची भाकरी, भात, अगदी मऊ पोळी भाजीत कुस्करून घेतली तरी दोन-तीन घासांनंतर छातीत काहीतरी थांबल्यासारखे व्हायचे. मग मी ताठ बसायची, खांदे मागे ओढायची, कधी उठून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारायची, हात वर करून श्वास कोंडून धरायची आणि वरून घटाघटा पाणी प्यायची. कधी तो घास एकदम खाली सरकायचा, तो सरकल्याचे आतून कळायचे. कधी पाणीच वर साचून राहायचे. ही पाण्याची गोष्ट महत्त्वाची होती, पण तेव्हा मला त्यात काही विशेष वाटले नाही. ताक अडकते, चहा अडकतो, हे सांगायला मला स्वतःलाच विचित्र वाटायचे. सासूबाई म्हणायच्या, “अगं, जरा सावकाश जेव. बँकेच्या घाईत नुसतं गिळतेस.” जाऊबाईंनी दात तपासून घ्यायला सांगितले, तेही मी केले. अशा रीतीने छातीची कळ डॉक्टरांकडे गेली आणि अडकलेला घास घरातच राहिला. एकाच नळीच्या, अन्ननलिकेच्या, या दोन तक्रारी आहेत हे मला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांच्यापैकी कोणी मला जेवणाविषयी विचारले नाही.

आठ आठवड्यांनी कळा थांबल्या नाहीत तेव्हा गोळीचा डोस दुप्पट झाला. पुढे दुर्बिणीने तपासणी झाली. अहवालात जठराला सौम्य सूज असल्याचे लिहिले होते, अन्ननलिका ‘नॉर्मल’ होती. आम्लपित्ताचा संशय आधी घेणे चूक नव्हते, हे मी आज समजून बोलते आहे. हृदय निर्दोष असताना छातीत दुखते, तेव्हा अन्ननलिकेकडून होणारे सर्वांत नेहमीचे कारण वर येणारे आम्लच असते. परंतु दोन महिने पूर्ण मात्रेत औषध घेऊनही जराही उतार पडत नसेल, तर त्याच औषधाची चिठ्ठी पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी प्रश्न बदलायला हवा होता. तो बदलला गेला नाही. त्याऐवजी तिसऱ्या की चौथ्या भेटीत एका रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर यजमानांना सांगितले, “मॅडम फार मनाला लावून घेतात,” आणि रात्री झोपेसाठी एक गोळी वाढवली. मला त्या वाक्याचा राग आला नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. मला ते खरे वाटले. त्यानंतर कित्येक महिने कळ आली की मी कोणाला सांगत नसे. न्हाणीघरात जाऊन कठडा धरून उभी राहायची आणि ती जायची वाट पाहायची.

मे २०२३ मध्ये पुतण्याचे लग्न झाले. पंगतीत मसालेभाताचा तिसरा घास अडकला. शेजारी विहीणबाई बसल्या होत्या, आग्रह चालू होता, म्हणून मी मठ्ठ्याने तो ढकलायचा प्रयत्न केला. मठ्ठाही वर चढू लागला. मी पदर तोंडाला लावून मागच्या बाजूला गेले आणि सगळे बाहेर आले. तिथल्या मोरीत पडलेली शिते शुभ्र आणि अख्खी होती, तोंडाला आंबट-कडू चव अजिबात नव्हती, आणि घशाला जळजळही नव्हती. जेवण पोटापर्यंत पोहोचलेच नव्हते. ही खूण मी डोळ्यांनी पाहिली, जिभेने चाखली, आणि तरीही तिला उलटी म्हणून मोकळी झाले.

रात्री खोकला यायचा. आडवे झाल्यावर तासाभराने घशात पाणी येऊन ठसका लागायचा, सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग असायचा. करोनानंतरचा खोकला म्हणून त्यावर औषधे झाली, छातीचा एक्स-रे झाला, क्षयासाठी थुंकी तपासली गेली. वजन ६१ किलोवरून ५२ वर आले.

डिसेंबर २०२३ मध्ये माझ्या मामेभावाने आग्रहाने पुण्यातल्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे नेले. मी नेहमीप्रमाणे कळेपासून सुरुवात केली आणि फाइल पुढे सरकवली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारले, “पाणी पिताना अडकतं का?” मी हो म्हटले. “पोळीभात अडकायला लागले तेव्हापासूनच पाणीही अडकतंय, की आधी फक्त घट्ट आणि मग हळूहळू पातळ?” मी विचार करून सांगितले, की पहिल्यापासून दोन्ही. या एका उत्तराने वाट बदलली. नळीत गाठ किंवा आकुंचलेला भाग असेल तर साधारणपणे आधी घट्ट अन्न अडकते आणि वाट अरुंद होत जाईल तसे पातळही अडकू लागते. घट्ट आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडकत असेल, तर वाट रुंद असूनही नळीची हालचाल बिघडल्याचा संशय घ्यावा लागतो. त्यांनी पुढे विचारले, की बाहेर येते ते आंबट असते का, गार पाण्याने कळ येते का, आणि सांधेदुखी-पाठदुखीसाठी अफूच्या वर्गातली वेदनाशामके, उदाहरणार्थ ट्रामाडॉल, घेता का, कारण त्यांनीही अन्ननलिकेची हालचाल अशीच बिघडू शकते. मी ती कधीच घेतली नव्हती. गार पाण्याचे मात्र त्यांनी विचारताच आठवले: उन्हाळ्यात फ्रिजमधली बाटली तोंडाला लावली की पाठोपाठ कळ यायची.

मग त्यांनी कागदावर एक उभी नळी काढली. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही, वरून खाली जाणारी स्नायूंची एक लाट त्याला आठ-दहा सेकंदांत पोटापर्यंत नेते, म्हणून तर माणूस आडवा असतानाही गिळू शकतो. नळीच्या तळाशी जी झडप म्हणतात ती वास्तविक स्नायूचे कडे असते. एरवी ते मिटलेले असते आणि गिळताक्षणी सैल पडते. नळीच्या भिंतीतल्या काही चेतापेशी स्नायूला ‘आवळ’ असा निरोप देतात, काही ‘सैल हो’ असा देतात. सैल होण्याचा निरोप देणाऱ्या पेशी नष्ट होऊ लागल्या की कडे उघडत नाही आणि वरची लाट बेताल होते. कधी ती उठतच नाही, तर कधी सगळी नळी एकाच वेळी मुठीसारखी आवळते. ती आवळते तेव्हाची कळ हुबेहूब हृदयासारखी वाटते, कारण हृदय आणि अन्ननलिका या दोघांच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागांतून मेंदूकडे जातात. आणि सोर्बिट्रेटचे कोडेही त्याच बैठकीत सुटले. ती गोळी रक्तवाहिन्यांच्या स्नायूंना सैल करते तशीच अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या स्नायूंनाही करते. गोळीने बरे वाटले एवढ्यावरून दुखणे हृदयाचे असे ठरत नाही, आणि बरे वाटले नाही म्हणून हृदयाचे नाही असेही ठरत नाही.

नावावर येण्याआधी चार तपासण्या झाल्या. बेरियमची तपासणी साधी होती: खडूसारखे पांढरे द्रव उभ्याने प्यायचे आणि एक, दोन व पाच मिनिटांनी एक्स-रे काढायचे. पाच मिनिटांनंतरही माझ्या नळीत बेरियमचा बोटभर उंचीचा थर उभा होता. मधला भाग मळसूत्रासारखा पिळलेला आणि तळाचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसत होते. दुर्बिणीची तपासणी पुन्हा केली, आणि या वेळी दुर्बीण जठरात शिरताना अडखळली हे नोंदवले गेले. त्यानंतर सीटी स्कॅन सांगितला. जठराच्या तोंडाशी असलेली कर्करोगाची गाठ कधीकधी बाहेरून झडप न उघडण्याच्या याच आजाराचे सोंग घेते, वजन झपाट्याने उतरले असेल तर ती शंका फेडून घ्यावीच लागते, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तो अहवाल हाती येईपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले ते लिहिता येणार नाही. गाठ नव्हती.

आणि मग मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजण्याची तपासणी. या तपासणीविषयी मी सविस्तर लिहिते, कारण तिचे नाव ऐकून माझ्या ओळखीतल्या दोघांनी ती टाळली आहे.

सहा तास पोट रिकामे ठेवायला सांगितले होते. एका लहान खोलीत खाट, शेजारी संगणकाचा पडदा आणि भिंतीला अडकवलेली एक लांब, लवचीक नळी होती. ती मोबाइलच्या चार्जरच्या वायरीहून थोडी जाड असेल. तिच्यावर एकेका सेंटिमीटरवर दाब मोजणारी ३६ ठिकाणे असतात, असे तपासणी करणाऱ्या ताईंनी मला हातात धरून दाखवले. नाकपुडीत बधिर करणारी जेली लावली, मला बसवून हनुवटी छातीकडे टेकवायला सांगितली आणि पेल्यातले पाणी स्ट्रॉने ओढत राहायला सांगितले. नाकाच्या मागच्या वळणावर डोळ्यांतून पाणी आले, एकदा ओकारी आली. “गिळा, गिळा, गिळत राहा ताई, झालंच,” असे म्हणत त्यांनी ती पुढे सरकवली. ती झडपेपाशी थांबली आणि आत जाईना. दोन वेळा मागे घेऊन पुन्हा घातल्यावर ती खाली उतरली. हा सगळा भाग तीन-चार मिनिटांचा होता, आणि खरा त्रास तेवढाच.

नळी नाकाशी चिकटपट्टीने बसवल्यावर मला उताणे झोपवले. सिरिंजने पाच मिलिलिटर पाणी तोंडात सोडले जाई आणि ‘गिळा’ म्हटले की एकदाच गिळायचे. त्यानंतर अर्धा मिनिट थुंकीसुद्धा गिळायची नाही. असे दहा घोट. पाण्यापेक्षा ते न गिळणे अवघड होते. तोंडात लाळ साठत राहते आणि मन दुसरीकडे न्यावे लागते. मी छताच्या पंख्याची पाती मोजत होते. सातव्या घोटाला ती कळ आली. मी हात वर केला. ताईंनी पडद्यावर त्या जागी खूण केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून कळ जाईपर्यंत थांबल्या. उरलेले तीन घोट आणि नंतर बसून घेतलेले काही घोट झाल्यावर नळी एका ओढीत बाहेर आली. सगळे मिळून अर्धा तास लागला.

डॉक्टरांनी मला तो पडदा दाखवला. चित्रात वरची कड म्हणजे घसा, खालची कड म्हणजे जठर, डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो. कमी दाब निळा, जास्त दाब लाल आणि त्याहून जास्त तो जांभळा. निरोगी माणसाच्या चित्रात गिळल्यानंतर एक लाल पट्टा वरून खाली तिरका उतरत जातो आणि त्याच वेळी तळाचा झडपेचा पट्टा विरून निळा होतो. माझ्या चित्रात तळाचा पट्टा विरतच नव्हता. झडप सैल पडल्यावरचा जो दाब पाऱ्याच्या १५ मिलिमीटरच्या वर नसावा, तो माझा ३१ होता. दहापैकी सहा घोटांना तिरक्या पट्ट्याच्या जागी एक उभी लाल भिंत होती, म्हणजे लाट वरून खाली येण्याआधीच नळीचा खालचा भाग अकाली आवळला होता. गिळल्यापासून लाट तळाशी यायला किमान साडेचार सेकंद लागायला हवेत, तेवढा वेळ तिने घेतलाच नव्हता. बाकीच्या चार घोटांना लाटच उठली नव्हती. सातव्या घोटाची भिंत जांभळी होती आणि तिच्यावर ताईंनी केलेली बारीक खूण होती. “ही तुमची कळ,” डॉक्टर म्हणाले.

मी बराच वेळ त्या खुणेकडे पाहत राहिले. दोन वर्षे जी गोष्ट मी मनाला लावून घेतल्यामुळे होते आहे असे मला सांगितले गेले, तिला रंग होता, आकार होता, आणि मिलिमीटरमध्ये मोजलेला दाब होता. यजमान शेजारी उभे होते. त्यांनी काही न बोलता माझी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली.

आजाराचे नाव अकॅलेशिया, त्याचा तिसरा, आचक्यांचा प्रकार. ग्रीक मुळातला हा शब्द ‘सैल न पडणे’ एवढेच सांगतो. दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण एकाला तो नव्याने होतो. चेतापेशी का नष्ट होतात याचे पक्के उत्तर वैद्यकाकडे अजून नाही. एखाद्या विषाणूनंतर शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटत असावी, असा संशय आहे. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून उपचार हा झडपेची वाट मोकळी करण्याचाच असतो, लाट परत आणणारे औषध नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि मला ते सांगणे आवडले. इंग्लंडमधल्या टॉमस विलिस या वैद्याने १६७४ मध्ये अशाच एका रुग्णाची हकिगत लिहून ठेवली आहे. देवमाशाच्या हाडाच्या लवचीक काठीला टोकाशी स्पंज बांधून तो माणूस प्रत्येक जेवणानंतर स्वतःच अन्न खाली ढकलत असे आणि त्यावर अनेक वर्षे जगला. हे ऐकले तेव्हा पंगतीतून उठून जाणारी मी मला आठवले, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तो अनोळखी माणूस फार जवळचा वाटला.

पर्याय तीन होते. फुग्याने झडप ताणणे, ज्यात अन्ननलिकेला भोक पडण्याचा धोका शंभरात साधारण दोघांना असतो. पोटातून दुर्बिणीने झडपेचा स्नायू चिरणे, जी शस्त्रक्रिया जर्मनीतल्या अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये पहिल्यांदा पोट उघडून केली होती. आणि पोएम, म्हणजे तोंडातूनच दुर्बीण घालून, बाहेर एकही छेद न देता स्नायू चिरणे. ही पद्धत जपानचे हारुहिरो इनोए यांनी २००८ मध्ये रुग्णांवर सुरू केली. माझ्या प्रकारात नुसती झडप मोकळी करून भागत नाही, आचके येणारा नळीचा लांब भागही सोडवावा लागतो. तेवढ्या वर फुगा उपयोगी पडत नाही आणि पोटातून पोहोचणेही कठीण, म्हणून पोएम ठरले. त्यातली मुख्य किंमतही त्यांनी लपवली नाही: झडप सैल झाल्यावर आम्ल वर येणे पुष्कळ रुग्णांत होते आणि त्यासाठी गोळी दीर्घकाळ लागू शकते. ज्या गोळीने माझी दोन वर्षे वाया गेली तीच आता खऱ्या कारणासाठी घ्यावी लागणार होती. विमा कंपनीने ‘बाहेर छेद नाही म्हणजे शस्त्रक्रिया कशी’ असा प्रश्न काढून मंजुरीला अकरा दिवस लावले. तोवर जेवणाआधी जिभेखाली सोर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू होती. घास थोडा उतरायचा, पण डोके ठणकायचे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. आधीचे दोन दिवस फक्त पातळ पदार्थ होते, कारण भूल देताना नळीत साचलेले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पूर्ण भूल दिल्यामुळे मला पुढचे काही आठवत नाही, परंतु काय केले ते नंतर चित्रे दाखवून समजावले: नळीच्या आतल्या अस्तराला लहानसा छेद दिला, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून खाली जठरापर्यंत बोगदा केला, मॅनोमेट्रीच्या चित्रावरून ठरवल्याप्रमाणे सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा स्नायू आतून चिरला आणि वरचा छेद धातूच्या बारीक चिमट्यांनी मिटवला. ते चिमटे पुढे आपोआप गळून पडतात. दीड तास लागला. शुद्धीवर आल्यावर छातीत जड दुखत होते आणि मानेच्या त्वचेखाली बोट दाबले की कुरकुर असा आवाज येत होता. आत सोडलेला वायू तिथवर आला होता, तो दोन दिवसांत जिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गळती नाही ना हे पाहायला एक्स-रेखाली औषध प्यायला दिले. ते नळीत थांबलेच नाही, सरळ खाली गेले. दुपारी परिचारिका ताईंनी वाटीत कोमट पाणी आणि चमचा आणून दिला. पहिला चमचा मी तोंडात किती तरी वेळ धरून ठेवला. तो गेला. मी खांदे मागे ओढून तयार बसले होते, त्याची गरज पडली नाही.

घरी आल्यावर पहिले काही दिवस ताक, वरणाचे पाणी आणि नाचणीची पेज, मग मऊ गुरगुट्या भात, आणि तीन आठवड्यांनी पहिली पोळी. सासूबाई आता ‘सावकाश जेव’ म्हणत नाहीत, शेजारी बसून स्वतःच सावकाश जेवतात. आजाराची तीव्रता मोजायला डॉक्टर घास अडकणे, वर येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देतात. शस्त्रक्रियेआधी माझे बारापैकी नऊ होते, सहा महिन्यांनी दोन झाले. वजन ५८ वर आले आहे. सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. लाट नाही ती नाहीच, त्यामुळे जेवण सरळ बसून आणि शेवटचे जेवण झोपण्याआधी तीन तास घ्यावे लागते, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच केली आहे, आम्लाची गोळी रोज आहे आणि आम्लाने नळीला इजा होत नाही ना हे पाहायला दुर्बिणीची तपासणी अधूनमधून करावी लागते. कळही पूर्ण गेली नाही. दोन महिन्यांतून एखादी येते, अर्धी-मुर्धी, आणि कोमट पाणी घोटघोट घेतले की उतरते.

डॉक्टरांनी एका गोष्टीची मात्र ताकीद दिली होती. अन्ननलिकेचा आजार आहे म्हणून हृदयाला काही होणारच नाही असे नाही, आणि वडिलांचा इतिहास माझ्याबरोबरच राहणार आहे. म्हणून पर्समध्ये एक कार्ड असते. त्यावर आजाराचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख, अँजिओग्राफीचे वर्ष, आणि खाली यजमानांच्या अक्षरात लिहिलेले: कळ नेहमीपेक्षा वेगळी असेल, चालताना किंवा जिना चढताना येत असेल, श्वास लागत असेल किंवा पंधरा मिनिटांत उतरली नाही, तर ईसीजी.

गेल्या ऑक्टोबरमध्ये तशी एक आली. बँकेतून घरी येताना जिन्यात सुरू झाली आणि कोमट पाण्याने हलली नाही. आम्ही त्याच तातडीच्या विभागात गेलो. डॉक्टर नवीन होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचले, ईसीजी काढला, रक्त घेतले, आणि तीन तासांनी दुसरे रक्त घेईपर्यंत मला जाऊ दिले नाही. दोन्ही अहवाल ठीक आले. मग त्यांनी खुर्ची ओढून समोर बसत विचारले, “काकू, आता जेवण कसं जातंय? घट्ट आणि पातळ, दोन्ही सांगा.”